उन्हाळ्याच्या अखेरीची परसबाग
(निसर्गाभ्यास व कार्यानुभव : इयत्ता ५ वी ते ७ वी)

प्राथमिक शाळेची परसबाग श्रावणात हिरवीगार असते, मार्गशीर्षात तिच्यात मुळे, मेथी आणि सांबार डोलू लागतो, आणि वार्षिक परीक्षा आटोपून सुटी लागली की ती पोरकी होते. राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्यास उघडतात; विदर्भात उन्हाच्या कडाक्यामुळे त्या जूनच्या अखेरीस उघडतात. रोहिणी आणि मृग या दोन नक्षत्रांत येथील शेतकरी पेरणीची तयारी करतो आणि गृहिणी वेलांची आळी खणते. नेमकी हीच नक्षत्रे शाळेच्या हजेरीपटाबाहेर राहतात. या दिवसांत निसर्गाभ्यासाची बाग शाळेत नसते, ती मुलांच्या घरी असते. कोठे भेंडीची दहा झाडे, कोठे पऱ्हाटीच्या मांडवावर एखादा दोडका, कोठे न्हाणीच्या पाण्यावर वाढलेले वांगे आणि कोपऱ्यात गोडलिंब. खेड्यांतून जिला सांदवाडी म्हणतात ती हीच.

सुटीतील उद्योग म्हणून 'घरी भाजी लावा व तिची नोंद ठेवा' असे अनेक शिक्षक सांगतात, आणि ते योग्यच आहे. शाळा उघडल्यावर ज्या वह्या टेबलावर येतात त्यांत मात्र बहुधा दोनच तऱ्हेची पाने आढळतात. ज्याचे झाड जगले त्याच्या पानावर रंगीत चित्र असते. ज्याचे मेले त्याचे पान कोरे असते, किंवा शेजारच्या मुलाच्या पानाची नक्कल असते. कोरे पान हा दर वेळी आळसाचा पुरावा नव्हे. अपयशही लिहून ठेवावयाचे असते, हे त्या मुलाला कोणी सांगितलेलेच नसते. नक्कल केलेले पान तर अधिक चिंतेचे, कारण निसर्गाभ्यासाच्या निमित्ताने ते मूल खोटी नोंद करावयास शिकले. पुढील विवेचनाचा हेतू एवढाच की, नागपूर जिल्ह्यात मे-जूनमध्ये परसबागेत काय साधते, काय फसते आणि ते का फसते याची कारणे शिक्षकांच्या हाताशी असावीत, म्हणजे मेलेल्या झाडाच्या पानालाही त्यांना गुण देता येतील.

हस्तव्यवसायातून शिक्षण हा विचार या भागाला नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या परिषदेत गांधीजींनी मूलोद्योगी शिक्षणाची कल्पना मांडली आणि त्यानंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने जो अभ्यासक्रम आखला त्यात सूतकताईबरोबर शेती-बागकामासही स्थान होते. आज प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेतही शालेय परसबागेची तरतूद आहे. परंतु बाग असणे निराळे आणि बागेतून शिकणे निराळे.

प्रथम हवामान. नागपुरात मे महिन्यातील दुपारचे तापमान सामान्यतः ४२ ते ४३ अंश सेल्सिअसच्या घरात असते. २३ मे २०१३ रोजी ते ४७.९ अंशांपर्यंत गेले होते. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो आणि त्यापुढील नऊ दिवसांना आपल्याकडे नवतपा म्हणतात. पाऊस सामान्यतः जूनच्या मध्यास येतो. तोवर हवा कोरडी, वारा तापलेला आणि रात्रही पुरती निवत नाही. रात्र न निवणे ही गोष्ट मुले सहसा लिहीत नाहीत. भाजीच्या दृष्टीने मात्र तिचे महत्त्व दुपारच्या उन्हाइतकेच आहे, आणि पहिला प्रश्न तेथूनच सुटतो.

तो प्रश्न असा : झाड हिरवे आहे, फुले येतात, मग फळ का धरत नाही?

टमाटरचे उदाहरण घ्यावे. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचे २४-२५ अंशांच्या वर राहू लागले की टमाटरच्या फुलातील परागकण निकामी होऊ लागतात. फूल उमलते, दोन-तीन दिवस टिकते आणि देठाच्या सांध्यापाशी पिवळे पडून गळते. झाडाला खत कमी पडले असे समजून घरची माणसे शेणखत घालतात. झाड आणखी पाने काढते, फळ काही येत नाही. येथे दोष ना मुलाचा, ना मातीचा. नागपुरात उन्हाळ्याच्या अखेरीस उघड्यावरील टमाटरने फळ न धरणे हे त्या वनस्पतीच्या स्वभावास धरूनच आहे. मिरचीचेही पुष्कळसे असेच. भेंडी अधिक सोशीक आहे, पण तिचीही सीमा ४२ अंशांच्या आसपास येते. त्यापलीकडे तिची फुले गळू लागतात, आणि ऊन उतरले की त्याच झाडाला पुन्हा भेंड्या लागतात. ज्या मुलाने फुलांची व फळांची संख्या रोज लिहिली असेल, आणि वर्तमानपत्रातील किंवा रेडिओवरील तापमानाचा आकडा शेजारी मांडला असेल, त्याला हा संबंध कोणी न सांगता दिसतो.

वेलवर्गीय भाज्यांची गोष्ट निराळी आणि शिकविण्यास अधिक सुंदर आहे. दोडका, कारले, दुधी, कोहळे, ढेमसे यांच्या वेलावर नर आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या पाठीशी इवलेसे फळ जन्मतःच असते. नर फुलास नुसता देठ. उष्णता वाढली आणि दिवस मोठा झाला की वेल नर फुले अधिक काढतो. जूनमध्ये नागपूरचा दिवस तेरा तासांहून मोठा असतो, त्यामुळे वेल फुलांनी पिवळा होऊनही फळाचा पत्ता नसतो, आणि घरात 'वेल वांझ निघाला' असे बोलले जाते. तो वांझ नसतो. मुलांनी आठ दिवस नर-मादी फुले मोजली तर हा आरोप त्यांनाच खोडून काढता येईल.

मादी फूल आले तरी परागीभवन व्हावे लागते. येथे वेळ महत्त्वाची. कोहळ्याचे व घोसाळ्याचे फूल सकाळी उमलते. दोडक्याचे आणि दुधीचे सायंकाळी. दोडका आणि घोसाळे ही एकाच कुळातील सख्खी भावंडे. पण एकाचे फूल दिवेलागणीला उघडते आणि दुसऱ्याचे सकाळी. या एका निरीक्षणासाठी विद्यार्थ्याने दोन दिवस वेलाजवळ बसावे, इतके ते मोलाचे आहे. मधमाश्या कडक उन्हात बाहेर पडत नाहीत, आणि गावात किंवा वस्तीत झाडे कमी असली तर सकाळीही फारशा येत नाहीत. अशा वेळी नुकतेच उमललेले नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या मागे वळवून, त्यातील पिवळी भुकटी मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावी. तीन-चार दिवसांत इवले फळ ताठ होऊन वाढू लागते. परागकण न लागलेले फळ पिवळे पडून गळते. कोवळ्या भोपळ्याकडे बोट दाखविले की तो सडतो, असा समज घरोघर आहे. त्याची थट्टा करू नये, प्रयोग करावा. दोन मादी फुलांना पराग लावावा आणि त्या फळांकडे रोज बोट दाखवावे. दोन फुले उमलण्यापूर्वीच कापडाने बांधून टाकावीत आणि त्यांच्याकडे मुळीच बोट दाखवू नये. निकाल वहीत लिहावा. आजीलाही तो वाचून दाखवावा.

आता पाणी. मे महिन्यातील परसबागेचा खरा हिशेब पाण्याचाच असतो आणि तो गणिताच्या तासाला अत्यंत उपयोगी पडतो. उभ्या कडांचा एक डबा घ्यावा, त्यात पाणी भरावे, पट्टीने उंची मोजावी आणि तो उन्हात ठेवावा. वर जाळी घालावी. एरवी चिमण्या-कावळ्यांनी प्यायलेले पाणी सूर्याच्या नावावर पडेल. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजावे. नवतप्यात एका दिवसात सेंटीमीटरभर किंवा त्याहून अधिक पाणी उडालेले आढळल्यास नवल नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. तेव्हा दोन मीटर लांब व दोन मीटर रुंद वाफ्यातून, तो डब्यातील पाण्यासारखा ओला राहिला असता, दहा मिलिमीटरच्या हिशेबाने दिवसाला चाळीस लिटर पाणी उडाले असते. पंधरा लिटरच्या बादलीने ते पावणेतीन बादल्यांच्या जवळपास होते. एवढे पाणी रोज कोठून येणार?

हा प्रश्न केवळ गणिताचा नाही. नागपूर शहरास पेंच प्रकल्पाचे पाणी मिळते, तरी २०१९ च्या जुलैत पाऊस लांबल्यामुळे शहरात काही काळ दिवसाआड पाणी सोडावे लागले होते. खेड्यात विहीर आटली की पाणी डोक्यावरून येते, आणि ते बहुधा आईच्या किंवा मोठ्या बहिणीच्या डोक्यावरून येते. शाळेने दिलेल्या उद्योगासाठी एखाद्या मुलीला दोन हंडे अधिक वाहावे लागत असतील, तर तो उद्योग शिक्षकाने मागे घ्यावा. ज्या घरी पाण्याची अशी टंचाई असेल तेथील मुलांना नवी लागवड सांगूच नये. असलेल्या झाडांची, पडीक जागेत आपोआप उगवणाऱ्या चिवळीची किंवा चवळाईची नोंदही तितकीच चांगली नोंद आहे. तसेच कोणत्याही मुलाने सकाळी आठनंतर आणि सूर्य उतरण्यापूर्वी बागेत काम करू नये. उष्माघाताचा धोका भाजीपेक्षा मोठा आहे.

वापरलेले पाणी बागेस देण्याची रीत जुनी आणि चांगली आहे. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी निःशंक द्यावे. साबणाचे पाणी एकाच जागी रोज सोडले तर मात्र काळी जमीन चिकट व घट्ट होते. ते केळी, अळू यांच्याकडे आळीपाळीने वळवावे. नागपूरकडील घरांत आणखी एक पाणी असते, ते कूलरचे. कूलर चालतो तेव्हा टाकीतील पाण्याची वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. वरून पुन्हा पाणी भरले की क्षार साठतच जातात. आठ-पंधरा दिवसांनी टाकी रिकामी करताना निघणारे पाणी दिसते स्वच्छ, पण ते मूळ पाण्यापेक्षा बरेच खारट झालेले असते. ते तसेच कुंडीत ओतल्यास पानांचे शेंडे व कडा करपतात. मुलगा म्हणतो, 'रोज पाणी घातले तरी झाड वाळले.' त्याचे म्हणणे खरे असते. अशा पाण्यात साधे पाणी मिसळून ते मोठ्या झाडांना द्यावे; कुंडीतील रोपांना देऊ नये.

थोड्या पाण्यात वेल जगविण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे मडके. न रंगविलेले, न भाजलेल्या भेगांचे, पाणी झिरपणारे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, त्यात पाणी भरून वर झाकणी ठेवावी आणि भोवती चार बिया लावाव्यात. भोवतीची माती कोरडी होईल तसे मडके पाणी सोडते. मुळे त्याच्या अंगाला बिलगून वाढतात. वाफ्यावर गव्हाचा भुसा किंवा वाळलेला पालापाचोळा अंथरल्यासही ओल टिकते. परंतु येथे एक ठेच अनेकांना लागते. कोरड्या दिवसांत या आच्छादनाखाली उधई येते आणि ती खोडापर्यंत पोहोचते; सकाळी ताठ असलेले झाड दुपारी मान टाकते. आच्छादन खोडापासून चार बोटे दूर ठेवावे आणि आठवड्यातून एकदा उचलून पाहावे.

जमिनीबद्दल थोडेच सांगणे पुरे. नागपूर हे दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या पूर्व कडेवर वसलेले आहे. सीताबर्डीची टेकडी त्याच खडकाची. त्यापासून झालेली काळी माती पाणी धरून ठेवते, पण वाळली की भेगाळते आणि भेग पडताना कोवळी मुळे तोडते. वरून हलकी खुरपणी केली की भेगा बुजतात आणि ओलही कमी उडते. या मातीत चुन्याचे प्रमाण पुष्कळदा अधिक असते, याचा संबंध पुढील मुद्द्याशी आहे.

'पाने पिवळी पडली' एवढेच वाक्य वहीत असेल तर शिक्षकाने वही परत द्यावी. कोणती पाने, आणि कोणत्या तऱ्हेने पिवळी? शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला असेल आणि तो प्रथम शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसत असेल, तर चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नसल्याचे ते लक्षण होय. याच्या नेमके उलट, शिराच पिवळ्या होऊन त्यांचे जाळे उठून दिसत असेल आणि झाड भेंडीचे असेल, तर तो केवडा रोग. खालची जुनी पाने सबंध पिवळी पडून गळत असतील तर पाणी अधिक झाले असण्याचा संभव मोठा. आणि पानावर सुईने टोचल्यासारखे बारीक फिकट ठिपके असून पालथ्या बाजूस जाळी असेल तर लाल कोळी. कोरड्या उष्ण हवेत तो झपाट्याने वाढतो. पानाच्या पालथ्या बाजूवर सकाळी पाण्याचा फवारा मारल्यास त्याचा जोर पुष्कळ कमी होतो.

केवड्याची हकीकत मुलांना अवश्य सांगावी. हा विषाणूजन्य रोग पांढरी माशी पसरविते आणि त्याची पहिली नोंद १९२४ साली मुंबई इलाख्यात झाली. त्यास दाद न देणारी म्हणून दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेची 'पुसा सावनी' ही जात देशभर गेली. पुढे तीही रोगास बळी पडू लागली. मग परभणीच्या कृषि विद्यापीठाने 'परभणी क्रांती' ही जात दिली. रोगट झाड औषधाने बरे होत नाही. ते दिसताच उपटून दूर पुरावे, म्हणजे शेजारची झाडे वाचण्याची आशा असते. चार भेंड्या लागलेले झाड उपटावयास मुलाचा हात धजत नाही, आणि घरचेही उपटू देत नाहीत. मग आठ दिवसांत सगळी ओळ पिवळी होते. ही नोंद ज्या वहीत आहे ती वही वर्गात मोठ्याने वाचावी.

यशाच्या बाजूस काय पडते? नागपूरकडील उन्हाळ्याच्या अखेरीस ज्यांच्यावर भरवसा ठेवावा अशी झाडे मोजकी आहेत : गवार, बरबटी, ढेमसे, चवळाई आणि खोल मुळांचा शेवगा. वांग्याची हिवाळ्यातील जुनी झाडे मेमध्ये टाकून देण्याची घाई करू नये. ती वीतभर उंचीवर छाटून, थोडे खत व बेताचे पाणी देऊन जगविली तर पावसाच्या पहिल्या सरींबरोबर नवी फूट धरतात आणि नव्या रोपांच्या आधी फळ देतात.

पहिला पाऊस हा मात्र परसबागेतील सर्वांत फसवा पाहुणा. मृगाची एक सर पडली की मुले सगळे बी एकदम पेरून टाकतात. त्यानंतर दहा दिवस ऊन पडले तर उगवलेले कोंब करपतात. झड लागली तर काळ्या मातीत पाणी साचून रोपे जमिनीलगत कुजून आडवी पडतात. बी तीन हिश्श्यांत, आठ-आठ दिवसांच्या अंतराने, उंच गादीवाफ्यावर पेरावे. निदान एक हिस्सा साधतो.

नोंद कशी असावी याचा एक नमुना वर्गात फळ्यावर लिहून दाखवावा :

'२७ मे. नवतप्याचा तिसरा दिवस. टमाटर : फुले ११, फळ नाही, खाली गळलेली फुले ४. भेंडी : फुले ३, तोडलेल्या भेंड्या २. दोडका : नर फुले ९, मादी १, सायंकाळी ६ वाजता उमललेली पाहिली. पाणी : तांदूळ धुतलेले अर्धी बादली. एक बरबटी मेली. उपटून पाहिली तर मुळाशी उधई होती. आच्छादन खोडाला टेकले होते.'

या नोंदीत एकही चित्र नाही. तरी तिला पूर्ण गुण द्यावेत. दहा गुणांपैकी झाड जगले की मेले यासाठी एकही गुण ठेवू नये. तारीखवार संख्या, पाण्याचे माप, आणि झालेल्या हानीचे कारण शोधण्यासाठी मुलाने प्रत्यक्ष काय पाहिले, यांवर गुण वाटून द्यावेत. कारण चुकीचे निघाले तरी हरकत नाही. उपटून मूळ पाहिले काय, पान उलटून पाहिले काय, हे विचारावे.

शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात सर्व वह्यांतील आकडे एका मोठ्या तक्त्यावर आणावेत : कोणती भाजी किती घरी लावली, किती घरी जगली, किती घरी मेली आणि कशाने. ज्या घरची गवार किंवा बरबटी नवतपा काढून उभी राहिली तेथील काही शेंगा झाडावरच पूर्ण वाळू द्याव्यात आणि ते बी राखेत घोळून काडेपेटीत भरून आणावे. संकरित बियाण्याच्या झाडाचे बी धरू नये. त्याची संतती मूळ झाडासारखी निघत नाही. प्रत्येक पेटीवर भाजीचे नाव, गाव आणि महिना लिहावा, आणि पेट्या शाळेच्या कपाटात कोरड्या जागी ठेवाव्यात. पुढील फेब्रुवारीत त्या पुन्हा उघडावयाच्या आहेत.